कोऱ्या चकतीचं वजन

ग्लव्ह बॉक्सच्या हातमोज्यांचा वास आठवला की मला अजूनही मळमळतं. ग्लव्ह बॉक्स म्हणजे काचेची एक बंद पेटी. लिथियमला हवा लागली की ते काळं पडतं, म्हणून पेटीत आर्गॉन वायू भरलेला. पुढच्या काचेला दोन लांब रबरी हातमोजे बसवलेले, त्यांत दंडापर्यंत हात घालायचे आणि आतलं काम बाहेर उभं राहून करायचं. हातमोजे एकच जोडी, आणि हात आम्हा सात जणांचे. भोपाळचा मे महिना, एसी नावापुरता, आणि आपल्या आधी ज्यानं तासभर काम केलं त्याचा घाम आत तसाच ओला. त्यावर कुणीतरी टाल्कम पावडर ओतून ठेवायचा. घाम आणि पावडर यांचा जो चिकट राप व्हायचा, तो कोपरापर्यंत लागायचा. मी घरी येऊन बादलीभर पाण्यात हात बुडवून बसायचे.

आई म्हणायची, तुला स्वच्छतेचं वेड लागलंय. लागलं असेल. त्या प्रयोगशाळेत पाच वर्षं काढून ज्याला असं वेड लागलं नाही, त्याच्या नाकात काहीतरी बिघाड असला पाहिजे. फ्रिजमध्ये रसायनांच्या बाटल्यांना खेटून कुणाच्या तरी वांग्याच्या भाजीचा डबा. बेसिनमध्ये चार दिवसांची चंचुपात्रं. आणि आमचे गाइड. त्यांना आम्ही सर म्हणत असू. गाडीच्या किल्लीनं कान कोरत कोरत ते आमचे आलेख बघायचे आणि त्याच किल्लीच्या टोकानं आलेखावरची रेघ दाखवायचे. एकदा मी त्यांना काचकांडीनं चहा ढवळताना पाहिलं. त्या दिवशी मी डबा न उघडताच परत नेला.

या असल्या जागी मी गंज तयार करत होते. लोकांना सांगताना ‘लोहाच्या ऑक्साइडच्या नॅनोरचना’ असं भारदस्त म्हणायचं, पण आहे तो गंजच, फक्त इतका बारीक की डोळ्यांना दिसत नाही. लिथियम बॅटरीच्या एका टोकाला सहसा ग्रॅफाइट असतं. पुस्तकाप्रमाणे आमच्या गंजात त्याच्या जवळजवळ तिप्पट लिथियम मावतं. अडचण एवढीच की लिथियम आत शिरलं की तो फुगतो, बाहेर निघालं की आक्रसतो, आणि असं दहा-वीस वेळा झालं की त्याचा भुगा होतो. म्हणून आधीच त्याच्या इतक्या बारीक काड्या करायच्या, की फुगायला त्यांना जागा राहावी. त्यासाठी लोखंडाचा क्षार आणि युरिया पाण्यात कालवून पोलादी भांड्यात घट्ट बंद करून भट्टीत ठेवायचे. सकाळी ते भांडं उघडलं की बसस्टँडच्या मुतारीचा वास अंगावर यायचा. माझी बोटं तर कायमची पिवळी-तपकिरी झालेली. लग्नकार्यात बायका ‘मेंदी उतरतेय वाटतं’ म्हणायच्या.

‘बापानं जन्मभर गंज पुसला आणि लेक गंज करायला शिकतेय,’ हे आईचं ठरलेलं वाक्य. त्यात खोटं काही नव्हतं. बाबा आमच्या टाउनशिपला लागून असलेल्या सरकारी कारखान्यात टूल रूममध्ये होते. आम्ही मूळचे नागपूरकडचे. बाबा इथे लागले, क्वार्टर मिळालं, आणि मी त्या दोन खोल्यांत आणि समोरच्या पेरूच्या झाडावर वाढले. टूल रूममध्ये कारखान्याची हत्यारं बनायची आणि मापं तपासली जायची. मापं तपासणं हे बाबांचं खास काम. एखादं गेज चुकीचं निघालं की ते त्यावर लाल एनॅमलची पट्टी ओढायचे आणि ते कपाटात कुलूपबंद करायचे, कुणी चुकून वापरू नये म्हणून. एकदा लागलेली लाल पट्टी सहज निघत नसे. ज्याच्या तक्रारीवरून माप नापास झालं त्यानं लेखी द्यायचं की तक्रार चुकीची होती, आणि मग तपासणाऱ्यानं फेरतपासणी करून सही करायची. दोन सह्या झाल्या की मगच थिनरनं पट्टी पुसायची. हा नियम घरातही चाले. आईचा वजनकाटा किंचित खोटा निघाला तेव्हा त्यालाही पट्टी बसली. पुढे कित्येक दिवाळ्या आई त्याच काट्यावर बेसन मोजत राहिली, बाबांशी भांडून.

तर आता त्या चकत्यांबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्यांच्यावर येऊन अडतं. गंजाची पूड, थोडी काजळी आणि डिंकासारखा एक चिकट पदार्थ, हे सगळं सडक्या मासळीचा वास येणाऱ्या द्रावणात कालवायचं आणि तांब्याच्या पातळ पत्र्यावर सारवायचं. वाळलं की पंचानं त्याच्या बारा मिलिमीटरच्या गोल चकत्या कापायच्या. ही चकती म्हणजे इलेक्ट्रोड. तिचं वजन करायचं, त्यातून कोऱ्या तांब्याच्या चकतीचं वजन वजा करायचं, उरला तो माल. त्या मालाच्या ग्रॅममागे किती वीज साठली, तो आकडा म्हणजे आमचं सारं कर्तृत्व. माल असतो मिलिग्रॅम-दोन मिलिग्रॅम आणि तांबं त्याच्या पाच-सहा पट. म्हणजे ती वजाबाकी जरा चुकली तर सगळाच आकडा खोटा.

आणि वजाबाकीसाठी आमच्याकडे एक चिठ्ठी होती. तराजूच्या काचेवर सेलोटेपनं चिकटवलेली, पिवळी पडलेली, कडांना मळ धरलेली. तिच्यावर कोऱ्या चकतीचं वजन लिहिलेलं. ते कुणी आणि कधी केलं हे कुणालाच माहीत नव्हतं. नवा विद्यार्थी आला की जुना त्याला सांगे, ‘ब्लैंक तौलने की ज़रूरत नहीं, चिट पे लिखा है.’ मलाही तसंच सांगितलं गेलं आणि मीही पुढच्यांना तसंच सांगितलं. मापं तपासणाऱ्याची मुलगी मी, आणि दुसऱ्यानं लिहिलेलं वजन पाच वर्षं डोळे मिटून वापरत राहिले. याची मला आज त्या हातमोज्यांपेक्षा जास्त शिसारी येते.

जुना पंच म्हणजे पोलादाची एक पोकळ नळी होती. पत्र्यावर ठेवायची आणि वरून हातोडी मारायची. बोथट झाली की कुणीतरी ती हार्डवेअरच्या दुकानातून घासून आणायचं. तिच्या चकत्यांच्या कडा दातरलेल्या निघायच्या आणि त्या घालून बनवलेले सेल, म्हणजे बटणाएवढ्या बॅटऱ्या, आतल्या आत शॉर्ट व्हायचे. एकदा आठवडाभराचे सगळे सेल असे मेले आणि मी जेवताना ताटावर चिडचिड केली. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘ड्रॉइंग आण.’

बाबांच्या निवृत्तीला तेव्हा काही महिने राहिले होते. टाउनशिपमध्ये प्रत्येक घरात कारखान्यात बनलेलं काहीतरी असतंच. कुणाकडे पितळी समई, कुणाकडे दाराची कडी, कुणाकडे पोळीचा चिमटा. असल्या वस्तू जेवणाच्या डब्यातून बाहेर यायच्या आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. बाबांनी मात्र साहेबांची लेखी परवानगी घेतली, टाकाऊ पोलादाचा तुकडा मागून घेतला, जेवणाच्या सुट्टीत बसून पंच आणि तो ज्यात बसतो ती डाय घडवली, आणि फाटकावर रीतसर गेटपास करूनच बाहेर आणली. गेटपासवर लिहिलं होतं: पंच व डाय, एक नग, बारा मिमी. मी म्हटलं, ‘एवढ्याशा वस्तूला गेटपास?’ ते म्हणाले, ‘वस्तू एवढीशी आहे, फाटक मोठं आहे.’

तो पंच मी पहिल्यांदा वापरला तेव्हा मला अगदी खराखुरा आनंद झाला. लिव्हर दाबली की ‘टच्’ असा आवाज, आणि चकती अशी स्वच्छ पडायची की कडेवरून बोट फिरवत राहावं. त्या घाणीत तेवढीच एक वस्तू मला आपली वाटली. आणि तिच्या चकत्यांनी बनवलेल्या पहिल्याच सेलनं असा आकडा दिला की मी मशीन पुन्हा सुरू करून पाहिलं. पुस्तकात गंजाची जी कमाल मर्यादा आहे, तिच्याही बराच वर.

आता कुणाही शहाण्या माणसाला इथे शंका यायला हवी होती. पण आमच्या धंद्यात असे आकडे इतरांनाही अधूनमधून मिळालेले होते आणि त्यांची स्पष्टीकरणं तयार होती. कणांच्या पृष्ठभागावर जास्तीचं लिथियम बसतं, द्रावणाची एक फिल्म तयार होते, वगैरे. सर आनंदानं खुर्चीतल्या खुर्चीत हलले. ‘नैनो इफ़ेक्ट है बेटा, नैनो इफ़ेक्ट!’ आणि किल्ली कानात गेली. पेपर लिहिला, छापून आला. टाउनशिपच्या मराठी मंडळानं गणपतीत माझा सत्कार केला आणि बाबांचाही. चिटणीसांनी माइकवरून सांगितलं, ‘लेकीच्या बॅटरीत बापाचा पंच!’ टाळ्या पडल्या. बाबांच्या खांद्यावर शाल, हातात नारळ, चेहरा लाजून लाल. बोला म्हटल्यावर एवढंच बोलले, ‘बारा म्हणजे बारा, तेवढंच मी केलं.’ टूल रूममधले झाडून सगळे पहिल्या रांगेत बसले होते.

निवृत्त झाल्यावर आम्ही क्वार्टर सोडून भोपाळच्याच बाग सेवनिया भागात राहायला गेलो. बाबांचं चित्त टाउनशिपमध्येच. टूल रूममधून फोन यायचे, ‘दादा, हे गेज जरा अडतंय, काय करू?’ आणि बाबा फोनवरून सांगायचे. एका शनिवारी दुपारी मला न्यायला म्हणून ते प्रयोगशाळेत आले. मी त्यांना कौतुकानं सगळं फिरवून दाखवलं. भट्टी, ग्लव्ह बॉक्स, शेवटी तराजू. बाबा तराजूपाशी थांबले.

‘ही चिठ्ठी कसली?’

‘कोऱ्या चकतीचं वजन. इलेक्ट्रोडच्या वजनातून वजा करायला.’

‘कोणत्या पंचानं कापलेल्या चकतीचं?’

‘बाराच्याच.’

‘कोणत्या पंचानं, असं विचारतोय मी.’

चिठ्ठीखाली एका प्लास्टिकच्या पुडीत दोन-तीन जुन्या कोऱ्या चकत्या होत्या, नमुना म्हणून ठेवलेल्या. बाबांनी त्यातली एक चिमट्यानं उचलली आणि आपल्या पंचाच्या तोंडावर ठेवली. मोजायला काही काढलंच नाही. चकतीची कड सगळीकडून केसभर बाहेर डोकावत होती. बाबांनी ती पुन्हा पुडीत ठेवली, पुडी होती तशी घडी केली आणि म्हणाले, ‘चल, चहा पिऊ.’ आजूबाजूला बाकीचे विद्यार्थी होते, म्हणून.

टपरीवर त्यांनी शांतपणे सांगितलं. जुनी नळी घासून घासून तिचं तोंड मोठं झालेलं, ती आता बाराची राहिलेली नाही, बारा पूर्णांक चारच्या आसपास असेल. तिच्या मोठ्या चकतीचं वजन चिठ्ठीवर. नव्या पंचाची चकती खरी बाराची, म्हणून हलकी. मी हलक्या चकतीतून जड चकतीचं वजन वजा करत होते. बिट्टन मार्केटच्या हाटात भाजीवाल्यानं लहान टोपलीत भाजी तोलली आणि वजा मात्र मोठ्या टोपलीचं वजन केलं, तर भाजी आहे त्यापेक्षा कमी दिसेल, तसं. माझा माल कमी दिसत होता आणि म्हणून ग्रॅममागचा आकडा फुगत होता. नॅनो इफेक्ट वगैरे काही नव्हतं. नवा पंच आला त्या दिवशी एक कोरी चकती कापून तोलली असती तर पाच मिनिटांचं काम होतं.

‘चिठ्ठी कुणाचीही असो,’ बाबा म्हणाले, ‘हत्यार बदललं की माप पुन्हा घ्यायचं असतं.’ रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

सोमवारी मी कोऱ्या चकत्या कापून तोलल्या आणि सगळी गणितं पुन्हा केली. आकडे खाली आले ते अगदी सामान्य जागी येऊन बसले. वाईट नव्हते, पण त्यांच्यासाठी कुणी शाल दिली नसती.

मी सरांकडे गेले. थीसिस द्यायला महिना उरला होता. त्यानंतर एका कॉलेजात लेक्चररच्या जागेची मुलाखत होती, आणि तोंडी परीक्षा झालेली असेल तरच तिथे मला उभं करणार होते. सरांनी सगळं ऐकून घेतलं, किल्ली काढली आणि विचारलं, ‘ग़लती किसकी है?’

‘मेरी, सर. नया पंच आया तब ब्लैंक दोबारा तौलना था.’

‘नहीं,’ ते म्हणाले. ‘ग़लती पंच की है.’

मला वाटलं त्यांना कळलं नाही. मी पुन्हा समजावू लागले. त्यांनी हात वर केला. त्यांना उत्तम कळलं होतं. जुन्या पंचाचं आणि चिठ्ठीचं नाव काढलं की त्या चिठ्ठीवर विसंबलेले मागचे सगळे थीसिस लोक पुन्हा तपासायला मागणार. माझा निष्काळजीपणा म्हटलं तर विद्यापीठाची समिती सगळे प्रयोग पुन्हा करायला लावणार, म्हणजे वर्ष गेलं आणि मुलाखतही गेली. पण बाहेरून बनवून घेतलेला पंचच मापात चुकला होता म्हटलं तर दुरुस्ती दोन ओळींची. ‘नंबर तो सही कर रहे हैं ना बेटा? साइंस तो सच ही रहेगा. बस फ़ैब्रिकेटर से एक नोट लिखवा लो.’ किल्लीच्या टोकावरचा मळ त्यांनी माझ्या आलेखाच्या कोपऱ्याला पुसला. फॅब्रिकेटर म्हणजे माझे बाबा हे त्यांना ठाऊक होतं. गणपतीत ते स्वतः टाळ्या वाजवायला हजर होते.

मी तिथेच नाही म्हणायला हवं होतं. मी ‘पूछती हूँ, सर,’ म्हटलं.

घरी बाबा वर्तमानपत्र वाचत होते आणि आई मटार सोलत होती. मी सगळं सांगितलं. सांगताना माझी एकच आशा होती, ती आज स्वच्छ सांगते. बाबांनी संतापावं, शक्य नाही म्हणावं, आणि निर्णय माझ्या हातातून काढून घ्यावा. म्हणजे मला चांगलंही राहता आलं असतं आणि दोषही त्यांच्यावर ढकलता आला असता. आईनं मटारची शेंग परातीत आपटली. ‘तुम्ही गप्प का? त्या माणसाला जाऊन सांगा चार गोष्टी!’

बाबांनी चष्मा पुसला. ‘तिची मुलाखत कधी आहे?’ त्यांनी आईला विचारलं, मला नाही. मग मला म्हणाले, ‘काय लिहायचंय ते दाखव.’

मी कच्चा कागद घेऊनच गेले होते. म्हणजे मला उत्तर आधीच हवं होतं. बाबांनी तो वाचला आणि पेन काढून दुरुस्त्या केल्या. ‘झिजला असं लिहू नकोस, नवा पंच झिजत नाही, कुणी जाणकार वाचेल तर हसेल. मशीनिंगमध्ये चूक असं लिही. आणि अकरा पूर्णांक सहा लिही, म्हणजे चकती हलकी पडली हे जुळेल. एवढी चूक नवशिक्याच्या हातून होऊ शकते.’ ते माझं खोटं तपासत होते, जसे गेज तपासायचे तसे. शेवटी म्हणाले, ‘तो गेटपास कुणाला दाखवू नकोस. त्यावर बारा लिहिलंय.’ मग खाली सही केली, हुद्दा लिहिला, आणि हुद्द्यापुढे ‘निवृत्त’. आई उठून आत गेली. दोन दिवस ती आमच्यापैकी कुणाशीही धड बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांनी मला पंच घरी आणायला सांगितला. मला वाटलं एकदा बघायचा असेल. त्यांनी लाल एनॅमलची जुनी बाटली काढली, काडीला कापूस गुंडाळला आणि पंचाच्या दांड्यावर गोल पट्टी ओढली. सवयीचा हात, रेघ जराही हलली नाही. ‘नापास म्हणून लिहून दिलाय ना,’ ते म्हणाले, ‘मग पट्टी पाहिजे.’ मी त्यांना थांबवलं नाही. पट्टी वाळेपर्यंत त्यांच्यासमोर बसून राहिले, आणि डोक्यात मुलाखतीला कोणती साडी नेसायची याचा विचार चालला होता. हे मला खरोखर आठवतं.

तोंडी परीक्षा सगळ्यांसमोर होते आणि परीक्षार्थीच्या घरच्यांनी चहा-समोसे आणायचे, अशी तिथली रीत. आई आली नाही. बाबा आले, शंभरेक समोशांची खोकी घेऊन. आणि आधीच बोलावून ठेवलेलं म्हणून टूल रूममधले त्यांचे दोन जुने सोबतीही आले होते. तिसऱ्या रांगेत बाबांच्या दोन्ही बाजूंना बसले.

बाहेरगावचे परीक्षक दुरुस्तीच्या ओळीपाशी थांबले. ‘ये पंच बनाया किसने था?’

सर माझ्याकडे बघत होते. मी फळ्याकडे बघितलं. ‘लोकल फ़ैब्रिकेटर ने, सर.’

‘ड्रॉइंग दी थी?’

‘जी सर. मशीनिंग में एरर था.’

तिसऱ्या रांगेत खुर्ची करकरली. बाबांच्या डावीकडचे काका वळून बाबांकडे बघत होते. हाच माणूस गणपतीत पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होता. बाबा सरळ समोर, पडद्यावरच्या माझ्या आलेखाकडे बघत राहिले.

पास झाले. टाळ्या झाल्या. समोसे बाबांनीच वाढले, कारण वाढायला दुसरं कुणी नव्हतं. परीक्षकांसमोर त्यांनी डिश धरली. परीक्षकांना ते कोण हे माहीत नव्हतं. त्यांनी चटणीत समोसा बुडवला आणि मोकळेपणानं म्हणाले, ‘लड़की होशियार है. क्या करे, आजकल ढंग के टूलमेकर ही नहीं रहे.’

‘जी साहब,’ बाबा म्हणाले. ‘नहीं रहे.’ आणि कागदी रुमाल पुढे केला.

मी चार पावलांवर उभी होते. तोंडात समोसा होता. तो मी गिळला.

त्यानंतर टूल रूममधून फोन येणं थांबलं. कुणी भांडलं नाही, विचारलंही नाही. नवरात्रापर्यंत बाबा फोन वाजला की उठायचे, मग उठणंही बंद झालं. लेक्चररची जागा मला मिळाली. दुरुस्ती दोन ओळींची छापून आली आणि ती कुणी वाचली असेल असं वाटत नाही. सरांनी जुनी चिठ्ठी काढून तिथे नवी चिकटवली. त्याच सेलोटेपनं.

पंच मी माझ्या कॉलेजच्या टेबलावर ठेवला होता, कागद उडू नयेत म्हणून. एकदा बाबा तिथे आले आणि त्यांना तो दिसला. ‘असा उघड्यावर ठेवू नये,’ म्हणाले, ‘नापास माल कुलपात ठेवायचा. कुणी चुकून वापरेल.’

‘बाबा, तो बाराचा आहे.’

‘मला काय सांगतेस? पट्टी काढायची तर पद्धत आहे ना. तू लेखी दे, मी फेरतपासणी करतो.’ हसत होते. मायक्रोमीटर खिशात होता, निवृत्तीनंतरही तो त्यांच्या खिशात असायचा. मी म्हटलं, देऊ कधीतरी, आणि तासाला निघून गेले. लेखी दिलं तर ते कुठे जाईल, कुणाच्या हाती पडेल, माझ्या डिग्रीचं काय होईल, असा सगळा हिशेब जिना चढता चढता केला. त्यानंतर बाबांनी तो विषय काढला नाही. मी तर काढणारच नव्हते.

बाबा गेले त्याला आता बरेच दिवस झाले. मायक्रोमीटर माझ्याकडे आला. मी मोजून पाहिलं, तीन वेळा, पंच फिरवून फिरवून. तेव्हा लेखी देते. पंच व डाय, एक नग. माप बारा, बरोबर. हत्यारात दोष नव्हता, दोष वापरणारीचा, तक्रार खोटी होती आणि खोटी आहे हे माहीत असून केली. गेटपास सोबत जोडला आहे. खाली माझी सही.

थिनरची बाटली कपाटात आहे. पट्टी तशीच आहे. दुसरी सही बाबांची लागते.